काम मागितल्याची पोच

चिंचखोंड पाडा, पडघ्याजवळ
२० फेब्रुवारी २०२३

दर्शनदादा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. घरच्या पत्त्यावर टाकलं तर सोनलवहिनीच्या हाती पडेल आणि तू "काही नाही गं, गावाकडचं" म्हणून कपाटावर फेकशील. म्हणून ऑफिसात पाठवतेय. तुझ्या साहेबाने फोडलं तरी चालेल. वाचू दे त्यालाही.

बाबाचा अंगठा तू कशावर घेतलास?

मागच्या रविवारी मी भिवंडीत कामतघरला, मैत्रिणीकडे गेले होते. नेमका त्याच दिवशी तू आलास. कोंबडी घेऊन आलास. आई गेल्यापासून तू पाड्यात जेवायला बसला नव्हतास. बाबा एवढा हरखला की शेजारी ठकुबाईकडे वाटी पाठवली, "माझ्या पोरानं आनली" म्हणून. जेवण झाल्यावर तू कागद काढलास. म्हातारपणाची पेन्शन चालू करायचीय म्हणालास. बाबाने अंगठा दिला. पोटच्या पोराला कोण विचारतो, वर काय लिहिलंय म्हणून?

परवा तालुक्याचा साहेब आला. शाळेच्या ओट्यावर सगळ्या पाड्याला बसवलं आणि तोच कागद मोठ्याने वाचला. "आम्हास काम देऊ केले असता आम्ही स्वखुशीने हजर राहिलो नाही. आम्हास अन्यत्र मजुरी मिळाली आहे. बेकार भत्त्याबाबत आमची कोणतीही मागणी नाही. सर्व मजुरांच्या वतीने, जान्या गोमा मुकणे." मग कागद उलटा करून सगळ्यांना अंगठा दाखवला.

बाबा उभा राहिला. म्हणाला, "सायेब, ह्यो पेन्शनचा कागद हाय." साहेब हसला. त्याच्याबरोबरचा शिपाईसुद्धा हसला.

तू ज्याच्यावर पाणी ओतलंस ते काय होतं, ते आता नीट ऐक. तुला रोजगार हमीचा कायदा माहीत आहे, रोज त्याच्याच हजेऱ्या कॉम्प्युटरवर भरतोस. आमचं काय झालं ते माहीत नाही.

मानकोलीच्या गोदामातून मी निघाले हे तुला कळवलं नव्हतं. निघाले म्हणजे काढली. दिवाळीचा माल संपला, आणि एका सकाळी गेटवर कार्ड लावलं तर दिवा लाल. वॉचमन म्हणाला, "मॅडम, आपका नाम बंद है." बंद कोणी केलं, का केलं, काही नाही. माझ्या मागे संघरत्ना उभी होती. आम्ही एकाच टेबलावर पॅकिंग करायचो. तिचाही दिवा लाल. ती गेटवर भांडली. मी नुसती रडले, त्याचा राग मला अजून येतो.

मग आम्ही दोघी भिवंडीत रोजगार मेळाव्याला गेलो. हॉलभर फुगे, पाहुण्यांची भाषणं, "तरुणांनी नोकरी मागणारे नव्हे, देणारे व्हावे." रांगेत उभं राहून टेबलापाशी पोचलो तर टेबलामागे कोण? आमचाच ठेकेदार. ज्याने काढलं तोच भरती करत बसला होता. मला ओळखून म्हणाला, "अरे, तुम तो ट्रेंड हो! नया फॉर्म भर दो." नवा फॉर्म म्हणजे पगार पहिल्यापासून, जुनी वर्षं पुसून. संघरत्नाने फॉर्म त्याच्यासमोर फाडला. परत येताना ती तिच्या वडिलांचं सांगत होती. त्यांनी तरुणपणी ठाण्याला सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवलं, दर वेळी इमानाने कार्डावर शिक्का मारून आणला, आणि हमाली करत म्हातारे झाले. कॉल आला नाही. "ते कार्ड देवासारखं जपत होते गं," म्हणाली. "सरकार आपल्याला नोकरी देत नाही. नोकरीची वाट बघायला शिकवतं."

मी पाड्यावर आले तेव्हा लोक भट्टीवर जायची बांधाबांध करत होते. दरवर्षीसारखं. पोरं शाळेतून काढायची, कोंबड्या टोपलीत घालायच्या, आणि विटा थापायला जायचं. मी म्हणाले, नका जाऊ. इथेच काम मागू. रोजगार हमी आहे ना?

ठकुबाई तोंडाला पदर लावून हसली. म्हणाली, "पोरी, ती हमी मी खाल्लेली हाय." पाड्याचा रस्ता आहे ना दादा, ज्यावरून तू मोटारसायकलने येतोस, तो तिने आणि आपल्या आईने केलाय. रोजगार हमीच्या कामावर. आई तेव्हा लग्न होऊन नुकती आली होती. उन्हात बसून दोघींनी खडी फोडली. "तवा मानूस काम मागाया गेला की काम निघायचं. मुकादम चोर व्हता, पन काम निघायचं," ठकुबाई म्हणाली. "आन काम न्हाय निघालं तर बसून भत्ता, आसं कायद्यात व्हतं म्हनं. त्यो काय कोनी पाह्यला न्हाय."

मी संघरत्नाला विचारलं. ती म्हणाली, खरं आहे. दुष्काळातून आपल्या राज्यात तो कायदा झाला, पुढे दिल्लीनेही तसाच केला. दोन्हीत लिहिलंय. लेखी काम मागा. पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर भत्ता, आणि ज्याच्या चुकीने तो द्यावा लागेल त्याला जाब. आपला पाडा दोन पिढ्या त्या कायद्यावर घाम गाळतोय आणि भत्ता एकाच्याही हातावर पडलेला नाही. का? कारण तारखेची पोच कोणी देतच नाही. पोच नाही तर पंधरा दिवस मोजायचे कुठून?

म्हणून आम्ही पोचेसाठी बसलो. रोजगार सेवक म्हणाला, अर्ज ठेवून जा, शिक्का संपलाय. बायका पंचायतीच्या पायरीवरच बसल्या. पोरांना पाजलं, भाकरी खाल्ली, उठल्या नाहीत. दिवे लागायच्या वेळेला शिक्का सापडला. तारखेसकट. अर्जावर पहिलं नाव बाबाचं होतं, कारण सगळ्यांनी म्हटलं, जान्याचं नाव घाल, त्याच्या नावाला मान हाय.

काम मिळालं नाही. पंधरा दिवस कधीच उलटले. भत्ता लागू झाला तसा त्यांना घाम फुटला. आणि मग तू कोंबडी घेऊन आलास.

या वर्षी पाडा भट्टीवर गेला नाही तो माझ्या शब्दावर. आता घराघरात तांदूळ संपलाय. लोक मला काही बोलत नाहीत. बाबाला बोलतात.

उत्तर दे.

ललिता


चिंचखोंड पाडा
९ मार्च २०२३

दर्शनदादा,

तुझा मेसेज मिळाला. एवढ्या दिवसांनी, तोही रात्री, आणि सकाळी डिलीट. मी वाचला तोवर.

"तुला ऑफिसमधलं कळत नाही." बरं, नाही कळत. "माझी ऑर्डर अकरा महिन्यांची आहे, मार्चअखेर संपते." ते कळतं. "तुमच्या तालुक्याचे साहेब आणि आमचे साहेब एका बॅचचे. घरच्या माणसाचंच प्रकरण असेल तर तूच मिटव, नाहीतर रिन्यूअलचं बघू, असं म्हणाले." हेही कळलं. मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं, कारण माझा दिवा लाल होऊन झालाय.

तू घाबरलास हे मी समजू शकते. घाबरलास तर मला फोन करायचास. ललिते, माझी नोकरी जाते गं, काय करू? मी शिव्या दिल्या असत्या, पण आपण दोघांनी बसून काही ठरवलं असतं. तू ते केलं नाहीस. ज्याला वाचता येत नाही असा माणूस तू शोधलास, आणि तो आपल्या घरातच होता.

आता शिमग्याचं ऐक. बाबा होळीला लाकूड घेऊन गेला. दरवर्षी पहिलं लाकूड त्याचंच पडतं, आजोबापासून. त्याने नेलं, ठेवलं, बाजूला उभा राहिला. कोणी शिवी दिली नाही, कोणी अडवलं नाही. होळी रचली, पेटवली, नाच झाला. बाबाचं लाकूड जिथे ठेवलं होतं तिथेच राहिलं. कोणी उचललंच नाही.

सकाळी तो उठायच्या आधी मी ते घरी आणलं आणि चुलीत घातलं.

दुसऱ्या दिवशी बाबा पडघ्याच्या पुढच्या भट्टीवर गेला. या वयात. उशिरा जाणाऱ्याला मालक ठेवतो कसा, ते तुला माहीत आहे, तुझा जन्मही भट्टीवरचाच आहे. वहिनीला तू हे सांगितलं नाहीस, तेही मला माहीत आहे. मी नाही सांगणार. बाबाच्या मागोमाग अर्धा पाडा गेला. शाळेत मास्तर आहेत आणि ठकुबाईचा नातू आहे, बास.

मला वाटलं होतं, मेसेजमध्ये एकदा तरी "बाबा कसा आहे" असेल.

ललिता


कामतघर, भिवंडी
१७ एप्रिल २०२३

दादा,

मी सध्या कामतघरला संघरत्नाकडे राहते. एका लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायचं काम मिळालंय, रोजावर. कधी ड्युटी असते, कधी लाइट नसते. तक्रारीचे कागद इथूनच पाठवले. जिल्ह्यावर रोजगार हमीच्या तक्रारी ऐकणारं माणूस असतं, हे संघरत्नाने शोधून काढलं. आम्ही लिहिलं, पोच जोडली, आणि बाबाच्या अंगठ्याचा तो जबाब खोटा आहे असंही लिहिलं. तुझं नाव घातलं नाही. अजून नाही.

परवा बाबाला भेटायला भट्टीवर गेले. गवताच्या खोपीत राहतो. वाकून आत जावं लागतं, आत वाकूनच बसावं लागतं. पायाच्या भेगांत राख. मी भाकरी आणि सुकट नेली होती. खाताना म्हणाला, "दर्शनला पेन्शनचं इचारलंस का?"

दादा, त्याला सगळं माहीत आहे. साहेबाने त्याच्या तोंडावर कागद वाचलाय. तरी विचारतो. मला वाटलं उन्हाने डोकं फिरलं की काय. मग कळलं, तो मला एक वाट देत होता. मी म्हटलं असतं, हो बाबा, चूक झाली, दुसराच कागद लागला, पेन्शनचा येतोय, तर त्याने मानलं असतं. पाड्यातही तेच सांगितलं असतं. त्याला तुला चोर म्हणायचं नाही.

मी म्हटलं, "पेन्शन बिन्शन काय न्हाय बाबा. त्यानं फसवलं तुला."

त्याने भाकरी खाली ठेवली. मग म्हणाला, "तुझी आय असती तर तू आसं बोलली नसतीस."

मी उठून आले. बसमध्ये पडघ्यापासून भिवंडीपर्यंत तुला शिव्या देत आले, मनातल्या मनात, आईला माहीत असलेल्या सगळ्या. तुझ्या कागदाने बाबाची अब्रू गेली, पाड्याचा भत्ता गेला, ते एक. पण खरं बोलले म्हणून बाबाच्या नजरेतून मी उतरले, आणि खोटं बोलून तू अजून त्याचा दर्शनच आहेस. याचा राग कुठे ठेवू सांग.

चौकशी लागलीय. बारा मेला, शाळेतच. जिल्ह्याहून बाई येणार आहेत. तू ये. बाकी काही नको. सगळ्यांसमोर उभा राहा आणि सांग, कागद मी आणला, बाबाला वाचून दाखवला नाही. एवढं बोललास की मी तुझ्याशी भांडणार नाही, आयुष्यभर नाही.

नाही आलास तर तुझं नाव मी घेईन.

ललिता


चिंचखोंड पाडा
१४ मे २०२३

दर्शन,

तू आला नाहीस.

दादा लिहायला हात उचलत नाही, म्हणून नुसतं नाव.

लोक आले. भट्टीवरून टेंपोत बसून आले, एक दिवसाची मजुरी सोडून. मी बोलावलं म्हणून नाही, ठकुबाई स्वतः भट्ट्या फिरली म्हणून. गुडघे धरत फिरली. "आमच्या रस्त्याची खडी फुकट न्हाय गेली पायजे," एवढंच सगळ्यांना म्हणाली. बाबाही आला. सगळ्यांत मागे, दाराच्या चौकटीला टेकून बसला.

चौकशीच्या बाई चष्मेवाल्या, हळू बोलणाऱ्या. तालुक्याचा साहेब त्यांच्या शेजारी खुर्चीत. संघरत्ना माझ्या बाजूला. बाईंनी पोच बघितली, तारीख बघितली, मग तो जबाब हातात घेतला आणि विचारलं, "जान्या गोमा मुकणे कोण?"

बाबा उठला. अंगावर भट्टीचाच सदरा.

"हा अंगठा तुमचा?"

"माझाच हाय."

साहेब लगेच म्हणाला, "बघा मॅडम, मान्य केलं."

बाई म्हणाल्या, "त्यांचं संपू द्या."

बाबा म्हणाला, "आंगठा माझा हाय. त्याच्यावरलं बोलनं माझं न्हाय. मी काम मागितलं व्हतं. मी कंदी म्हनलो, मला काम नको? मानूस आसं म्हनंल काय?"

मग बाईंनी विचारलं, "मग हा कागद तुमच्यापुढे कोणी आणला?"

मी उभी राहत होते. नाव ओठावर होतं. महिनाभर घोकलं होतं मी ते. संघरत्नाने माझा हात दाबला. साहेब बाबाकडे बघून म्हणाला, "नीट विचार करून सांगा हं, जान्याबाबा. घरच्या माणसाच्या नोकरीचा प्रश्न असतो." सगळ्यांसमोर म्हणाला, एवढी हिंमत.

बाबा त्याच्याकडे बघत राहिला. त्याला तेव्हा कळलं असावं, तुला कोणी आणि कसं पाठवलं ते. मला तरी तसं वाटलं. त्याने हात जोडले नाहीत, मान खाली घातली नाही.

"माझ्या पोरानं आनला," म्हणाला. "दर्शन जान्या मुकणे. लिवा बाय. त्यानं आनला, आन त्याला ह्या सायबांनी धाडला. दोघांचंबी लिवा. एकाचंच लिवू नका."

आणि मग खाली बसला, तिथेच जमिनीवर. ठकुबाई उठून त्याच्याजवळ गेली. फेब्रुवारीपासून ती त्याच्याशी बोलली नव्हती. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मी तुझं नाव घेणार म्हणून किती दिवस दात खात होते. घेतलं त्याने. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. शाळेच्या मागे जाऊन मी एकटी बसले.

जबाब रद्द झाला. बाईंनी तिथेच तसं लिहून वाचून दाखवलं. वरच्या तळ्याचा गाळ काढायचं काम ताबडतोब काढा, असाही आदेश दिला. भत्त्याची शिफारस वर पाठवते म्हणाल्या. वर म्हणजे कुठे, कधी, ते कोणी सांगितलं नाही. साहेब आहे त्याच खुर्चीत आहे. जाताना मला म्हणाला, "शिकलेल्या मुली फार लवकर पुढारी होतात." मी म्हटलं, "कामावरून काढलेल्या होतात, साहेब."

बाबा मला अजून काही बोलला नाही. पण संध्याकाळी माझ्या ताटात मासा वाढला, डोक्याकडचा.

ललिता


चिंचखोंड पाडा
२ जून २०२३

दादा,

काल सोनलवहिनीचा फोन आला. रडत होती. तुझी ऑर्डर रिन्यू झाली नाही, हे तिला शेजारणीकडून कळलं. मार्च संपला तेव्हाच झाली नव्हती म्हणे. म्हणजे अंगठा नेऊन दिलास, तरी त्यांनी तुला ठेवलं नाही. आणि तू तेव्हापासून रोज डबा घेऊन निघतोस, एस.टी. स्टँडवर बसतोस, आणि संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी घरी जातोस.

माझी त्यानंतरची पत्रंही ऑफिसातच जात होती. मग ती कोणी वाचली? वाचलंस तरी का तू त्यातलं एखादं? हे घरच्या पत्त्यावर पाठवतेय.

खरं सांगते, ऐकल्यावर पहिल्यांदा मला बरं वाटलं. फोन हातात होता, वहिनी रडत होती, आणि मला बरं वाटत होतं. मग तो डबा डोळ्यापुढे आला. कुठल्या बाकावर बसून खातोस तो? ओळखीचं कोणी आलं तर काय सांगतोस?

मग राग आला, पण दुसऱ्यांचा. वर्षानुवर्षं तू त्यांच्या कॉम्प्युटरवर लोकांच्या हजेऱ्या भरल्यास. कोणाला किती दिवस काम, कोणाला भत्ता देय नाही, सगळं तुझ्या बोटांनी. आणि तुला काढलं तर तुझ्यासाठी त्या मशीनमध्ये एक ओळसुद्धा नाही. ना पंधरा दिवस, ना पोच. आम्हाला निदान कायद्यात एक ओळ होती. तीच खोडायला त्यांनी तुला पाठवलं, आणि तू आलास.

मी बाबाला सांगितलं. तो तळ्यावरून आला होता, अंगभर चिखल. हो, काम निघालंय. पाऊस लागायच्या आत जेवढा गाळ निघेल तेवढा. भट्टीवरचे सगळे परत आलेत. भत्ता आलेला नाही. त्याच्यासाठी पुन्हा पायरीवर बसायची तयारी चाललीय.

बाबाने हातपाय धुतले. मग म्हणाला, "ठेसनावर कशाला बसतो? घर हाय ना त्याला." थोड्या वेळाने परत म्हणाला, "त्याला सांग, आपल्या हमीच्या जॉबकार्डावर त्याचं नाव हाय. मी काय खोडाया सांगितलं न्हाय."

त्याने सांगितलं ते मी लिहिलं. आता माझं ऐक. मी तुला माफ केलेलं नाही. बाबाने केलंय का, मला माहीत नाही, मी विचारणार नाही. सोमवारी आम्ही पुढच्या कामाची मागणी करणार आहोत. तुला यायचं असेल तर पंचायतीच्या पायरीवर ये, बायकांच्या मागे उभा राहा, तुझा अर्ज तू तुझ्या हाताने लिही आणि सगळ्यांसारखी पोच मिळेपर्यंत हलू नकोस. नंतर तळ्यावर टोपली उचलावी लागेल. वहिनीलाही आण, तिला एकदा तरी आपलं घर बघू दे.

ठकुबाई तुला शिव्या घालेल, सगळ्यांदेखत, आपल्या आईचं नाव घेऊन. मी तिला थांबवणार नाही.

ललिता